गाऊन नक्की होतं काय? आईच्या अंड्यांपासून शिवडीच्या सिमेटरीपर्यंत

माझी आई अंडी घड्याळ बघून उकडायची नाही. पाण्याला उकळी आली की गीत सुरू, तीन कडवी झाली की अंडं अर्धं कच्चं, पाच झाली की कडक, आणि मध्येच कोणी दार वाजवलं तर ती गातगात दार उघडायची, हाताने बसा म्हणायची आणि कडवं संपल्यावरच तोंडाने बोलायची, नाहीतर हिशोब चुकणार ना. आमची भायखळ्याची चाळ, भिंती म्हणजे नुसतं नाव, त्यामुळे शेजारच्या काकूंना पण कळायचं आज ध्रुपद एकदाच घेतलंय म्हणजे घाई आहे. काकू विठ्ठलाच्या, आम्ही ख्रिस्ती, पण आमची निम्मी गीतं त्यांना पाठ.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे लोकलमधला एक मित्र. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे, टाळ, छोटी ढोलकी, गळ्यात माळा, डोंबिवलीपासून दादरपर्यंत एकदम जोरात. मी त्यांच्या कोपऱ्यात उभा असतो, चाली ओळखीच्या असल्यामुळे कधीकधी गुणगुणतो पण. एकदा त्यांच्यातल्या एकाने विचारलं, तुमच्यात पण असतं का हो भजन? म्हटलं असतं, भरपूर असतं. तर म्हणे, मग त्याने तुम्हाला काय मिळतं? मी काहीतरी "मन शांत होतं" वगैरे बोललो आणि दादर आलं. खरं सांगायचं तर ते उत्तर फारच पुळचट होतं, मन शांत तर एसी लोकलमध्ये सीट मिळाली तरी होतं. म्हणून नीट उत्तर इथे लिहितोय, जमेल तेवढं सोपं करून. मी पाळक (म्हणजे चर्चचा पास्टर) नाही की संगीतातला जाणकार नाही, रविवारी मागून तिसऱ्या बाकावर बसून गाणारा माणूस आहे.

सुरुवात बायबलपासून करू, कारण आपल्याकडे गाण्याबद्दल बोलताना थेट "देवाची स्तुती करायची असते" इथूनच सुरुवात होते. ते बरोबरच आहे, पण येशूचा प्रेषित पौल याने जे लिहिलंय त्यात एक मजेशीर गोष्ट आहे जी मी कित्येक वर्षं वाचून पण पाहिली नव्हती. इफिसकरांच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, तो म्हणतो की स्तोत्रं आणि गीतं एकमेकांशी बोला, म्हणजे प्रभूसाठी तर गायचंच, पण एकमेकांना पण ऐकवायचं. आणि कलस्सैकरांच्या पत्रात, ३:१६ मध्ये, तो गाणं कुठे ठेवतो बघा, ख्रिस्ताचं वचन तुमच्यात भरपूर राहू द्या, एकमेकांना शिकवा, बोध करा, आणि त्याच वाक्यात गा. म्हणजे पौलाच्या डोक्यात गाणं हे शिकवणीच्या शेजारी बसलेलं आहे. आपण काय करतो, प्रवचन म्हणजे मेन जेवण आणि गाणी म्हणजे लोक येऊन बसेपर्यंतचा टाइमपास, उशिरा येणारे तर बिनधास्त सांगतात, अरे अजून गाणीच चालू असतील, आरामात जाऊ.

आता गाणं शिकवतं म्हणजे कसं? साधं आहे. मागच्या रविवारच्या प्रवचनातली दोन वाक्यं सांगा म्हटलं तर मी घाबरेन, पण संडे स्कूलमध्ये सात वर्षांचा असताना शिकलेलं गीत मला आत्ता झोपेतून उठवून विचारा, चारही कडवी येतील. गद्य वाक्य डोक्यात मोकळं पडलेलं असतं, कुठूनही निसटतं. गाण्यात त्याला खुंट्या असतात, यमक एक खुंटी, ताल दुसरी, चालीचा चढउतार तिसरी. एक शब्द विसरलात तर मात्रा कमी पडते आणि तुम्हालाच कळतं की इथे काहीतरी गळलंय, मग यमक हात धरून तो शब्द परत आणून देतं. छापखाना यायच्या आधी माणसांनी मोठमोठं ज्ञान असंच सांभाळलं, आणि आपल्याकडे तर जात्यावरच्या ओवीची परंपराच आहे, जिला अक्षर येत नव्हतं तिला शेकडो ओव्या येत होत्या.

ही गोष्ट एका इंग्रज माणसाला चारशे वर्षांपूर्वी बरोबर कळली होती. फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आलेला जेझुइट, म्हणजे कॅथलिक मिशनरी. लोकांना बायबलमधली कथा सांगायची तर त्याने जाडजूड प्रश्नोत्तरं तोंडावर फेकली नाहीत, ओवीत बसवून लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, तेच ते १६१६ चं ख्रिस्तपुराण. शाळेत आपण सगळे त्यातली मराठीची स्तुती वाचतो, हरळांमधली रत्नकिळा वगैरे, परीक्षेत मार्कही मिळवतो, पण ते पुस्तक मुळात चर्चमध्ये मोठ्याने गाऊन वाचण्यासाठी होतं हे कोणी सांगत नाही. ऐकणाऱ्यांना ओवी ओळखीची होती, फक्त आतली गोष्ट नवीन.

आणि मग नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईत, आणि १९१९ मध्ये वारले ते पण मुंबईतच. त्यांच्या आधी मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर मराठी शब्द कोंबलेली बरीच गाणी गायली जायची, ज्यात ऱ्हस्वदीर्घाचा असा काही खिमा व्हायचा की ऐकवत नाही. (काही अजून आहेत. आम्ही अजून गातो. प्रेमाने गातो.) टिळकांनी अभंग, भजनं, ओव्या लिहिल्या, चर्चच्या मंडळीत टाळ-पेटी-तबल्यावर भजन बसवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, म्हणून माझ्या लोकलमधल्या मित्राला मी खरं तर हे सांगायला हवं होतं की बाबा, तुझी आणि माझी चाल एकाच ठिकाणून आलेली आहे, म्हणूनच तर मी तुझ्या मागे गुणगुणू शकतो. आज आमच्या उपासना संगीताच्या पुस्तकात टिळकांची गीतं काढून टाकली तर पुस्तक बरंच बारीक होईल. नगर, जालना, सोलापूरकडून मुंबईत आलेल्या घरांमध्ये बायबल वाचता न येणारी एक अख्खी पिढी होती, आणि त्यांना कृपा म्हणजे काय, पाप म्हणजे काय, क्षमा म्हणजे काय हे या गीतांनी शिकवलं. माझी आजी त्यातलीच. सही करायला अंगठा, पण एखाद्या दुःखात योग्य कडवं काढून द्यायची तेव्हा भलेभले गप्प बसायचे.

म्हणजे पहिला फायदा हा, गाणं वचन आत साठवून ठेवतं. आता यात एक तोटा पण दडलाय. जे गाल तेच साठणार, म्हणून काय गातो ते बघायला हवं. हल्ली काही गाणी अशी येतात की त्यात मी, मला, माझं, माझ्यासाठी, आणि देव कुठेतरी पाहुण्यासारखा कडेला उभा. चाल मस्त असते, मी पण गातो, पण दहा वर्षं फक्त तेवढंच गायलेल्या पोराच्या आत अडचणीच्या दिवशी काय शिल्लक असेल असं कधीकधी वाटतं. असो, हे म्हाताऱ्याचं रडगाणं झालं.

आता शरीराकडे येऊ. गाण्याचा आत्मिक फायदा म्हटलं की लोकांना वाटतं शरीराचा काय संबंध, पण गाणं ही मुळात श्वासाची गोष्ट आहे. आपण एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. गाताना काय होतं, पटकन श्वास आत आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू बाहेर, म्हणजे बाहेर सोडणं लांबतं. आणि श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, आत घेताना थोडे वाढतात, हे प्रत्येकाच्या शरीरात चालूच असतं, मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस (मज्जातंतू) आहे तिचं हे काम. श्वास लांब सोडला की ती नस शरीराला सांगते, घाबरायचं काही नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं होतं की लॅटिनमधली रोझरीची (कॅथलिक जपमाळेची) प्रार्थना म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आणि गंमत म्हणजे त्यांनी त्याच अभ्यासात तिबेटी बौद्ध मंत्र पण म्हणायला लावला होता, त्याचा पण तोच आकडा.

दुसरा अभ्यास स्वीडनचा, २०१३ चा. तिथल्या शाळकरी पोरांना एकत्र गायला लावलं, एकदा नुसतं गुणगुणायला, एकदा एक चर्चमधलं स्तोत्र, एकदा संथ मंत्रासारखं काहीतरी, आणि सगळ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. तर एकत्र गाताना ते ठोके एकत्र वाढत होते, एकत्र कमी होत होते. यात जादू काही नाही, ओळ एकाच ठिकाणी संपते म्हणून सगळे एकाच वेळी श्वास घेतात, आणि श्वास एक झाला की हृदय त्याच्या मागे. पण विचार करा ना, रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये दोन भाऊ बसतात, खोलीच्या वाटणीवरून चार वर्षं बोलत नाहीत, एक डाव्या बाजूला एक उजव्या, आणि गीत सुरू झालं की दोघांची हृदयं त्यांना न विचारता एका तालात. ते अजूनही बोलत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण चर्च सोडून पण कोणी गेलेलं नाही.

इथे कोणी म्हणेल, मग हे सगळं नुसतं शरीरशास्त्र झालं, पवित्र आत्मा कुठे आला? आणि मंत्राने पण तेच होतं, भजनाने पण तेच होतं. हो, होतं. मला त्यात अडचण वाटत नाही. शरीर देवानेच केलं असं आपण म्हणतो ना, मग श्वास लांबला की माणूस निवळतो ही सोय पण त्यानेच ठेवली असणार, आणि ती सगळ्यांना दिली असणार, पाऊस देतो तशी. हिब्रूमध्ये श्वास, वारा आणि आत्मा या तिघांना एकच शब्द आहे, रूआह. त्या लोकांना आपल्यासारखं कप्पे करून बोलता यायचं नाही, श्वास देवाने फुंकला तर तो श्वास देवाकडे परत सोडायचा, आवाजासकट. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की निवळणं हे दार उघडणं आहे. दारातून आत काय येतं ते गाण्याच्या शब्दांवर आणि ज्याला उद्देशून गातो त्याच्यावर.

आता मला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. आनंद झाला की गाणं येतं, सोपंय. पण बायबलमधलं गाण्याचं मुख्य पुस्तक, स्तोत्रसंहिता, त्यात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण तिसरा हिस्सा तरी रडगाणी आहेत. तक्रारी. देवा कुठे आहेस, किती वेळ, झोपलास का. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं. एकशे सदतिसावं अजून भारी आहे, बाबेलच्या नदीकाठी कैद करून आणलेले लोक, वीणा झाडांना टांगून ठेवल्या आहेत, पकडणारे म्हणतायत गा जरा तुमचं एखादं गाणं, आणि हे म्हणतात परक्या मुलखात कसं गाऊ? म्हणजे "आम्हाला गाता येत नाही" याचंच त्यांनी गाणं केलं. आणि येशू वधस्तंभावर ओरडला ते, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास", ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. स्वतःचे शब्द सुचायच्या पलीकडच्या वेदनेत त्याच्या तोंडात लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र आलं. आदल्या रात्रीची पण एक ओळ आहे, मत्तय २६:३०, पटकन निसटते. भोजन झाल्यावर ते स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले. वल्हांडणाच्या जेवणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायचा यहुदी लोकांचा रिवाज होता, त्यात "हा दिवस परमेश्वराने केला, आनंद करू" असा भाग आहे. उद्या काय होणार हे माहीत असलेला माणूस ते गाऊन अंधारात बाहेर पडतो. मला यावर प्रवचन द्यायला सांगितलं तर मी एवढं वाचून खाली बसेन.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. बाबांच्या वेळी कळलं. हॉस्पिटलचा पॅसेज, रात्रीचे दोन, आत आयसीयू, बाहेर लाकडी बाकडं. आईला प्रार्थना कर म्हटलं तर ती म्हणाली, शब्दच नाहीयेत रे. मग थोड्या वेळाने बघतो तर तिचे ओठ हलतायत, आणि मला चाल ओळखू आली, अंड्यांचं गीत. तीस वर्षं जे तिने पातेल्यापाशी उभं राहून साठवलं ते त्या रात्री निघालं, काहीही न ठरवता. मी पण लागलो. ड्युटीवरची मावशी फडकं मारता मारता थांबली, मला वाटलं आता ओरडणार, तर म्हणाली, थोडं मोठ्याने म्हणा, चालतंय. बाबा पहाटे गेले. गाण्याने ते वाचले नाहीत हे स्पष्ट लिहितो, कारण गाण्याच्या शक्तीबद्दलच्या लेखात लोक इथे चमत्कार टाकतात.

दुसऱ्या दिवशी शिवडीला सिमेटरीत. ज्यांनी ख्रिस्ती अंत्यविधी पाहिला नसेल त्यांना सांगतो, शवपेटी खाली उतरवतात, माती पडायला लागते, तो आवाज फार वाईट असतो, आणि नेमकं तेव्हाच मंडळी गायला लागतात. मला एक ओळ पण जमली नाही. गळा पूर्ण बंद. पण गाणं थांबलं नाही, कारण माझ्या डावीकडे कोणीतरी गात होतं, मागे बायका गात होत्या, आमची काकू पण गात होती, विठ्ठलाची माळ गळ्यात. पुनरुत्थानाचं गीत होतं, आणि त्या क्षणी माझा त्यावर किती विश्वास होता, माहीत नाही, बहुतेक फार नव्हता. पण ते कडवं माझ्या वाटचं बाकीच्यांनी म्हटलं. पौलाचं ते "एकमेकांना" मला तिथे कळलं. प्रार्थना एकट्याची असली की एकट्याचा विश्वास आटला की संपली. गाणं मंडळीचं असतं, तुमचा श्वास संपतो तिथे शेजारच्याचा चालू असतो, म्हणून ओळ तुटत नाही. पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांना नेलं तेव्हा त्याच्या वाटचं मी म्हटलं.

आणि हो, पौल आणि त्याचा साथीदार सीला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात, मध्यरात्री हे दोघे गातायत, मग भूकंप होतो, दारं उघडतात. ही गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात की गा म्हणजे बेड्या तुटतील. पण दोन गोष्टी बघा. एक, गाणं भूकंपाच्या आधी आहे, म्हणजे ते पाठ सोललेल्या अवस्थेत गात होते, सुटकेचा पत्ता नव्हता. दुसरी, दारं उघडली तरी ते पळाले नाहीत. तुरुंगाचा नायक तलवार उपसून स्वतःला संपवायला निघाला, कैदी पळाले असं वाटून, तेव्हा पौल ओरडला, आम्ही सगळे इथेच आहोत. जो माणूस सुटण्यासाठी गात असता तो दार उघडल्यावर थांबला असता का? आणि मध्ये एक छोटं वाक्य आहे, बाकीचे कैदी ऐकत होते. त्या अंधाऱ्या खोलीतल्या बाकीच्यांना पण ती रात्र थोडी सोपी गेली असेल. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या आमच्या काकूंसारखंच.

आता दुसरी बाजू, कारण गाणं फसवू पण शकतं. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनची भानगड ऐका. ३८६ साली मिलानमध्ये राजमातेला चर्च आपल्या पंथाच्या लोकांना द्यायचं होतं, बिशप अँब्रोज आणि त्याची मंडळी आत ठाण मांडून बसली, आणि लोकांनी खचू नये म्हणून पूर्वेकडच्या पद्धतीने स्तोत्रं गायला सुरुवात झाली. धरणं आणि भजन, आपल्याला काही नवीन नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या गाण्यांनी आपल्याला किती रडवलं हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलंय. पण त्याच पुस्तकात तो पुढे कबूल करतो की कधीकधी गाण्याच्या अर्थापेक्षा आवाजानेच मी जास्त हलतो, आणि तसं झालं की मला ते पाप वाटतं, मग वाटतं ऐकलंच नसतं तर बरं. बाय द वे, "जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो" हे वाक्य त्याच्या नावाने फुलांच्या फोटोवर फिरतं ना सकाळी सकाळी, ते या शब्दांत त्याच्या लिखाणात सापडत नाही. वाक्य छान आहे, त्याचं म्हणून पाठवू नका एवढंच.

ऑगस्टीनची ही भीती पुढे झुरिचच्या झ्विंग्ली या धर्मसुधारकाने टोकाला नेली. स्वतः उत्तम वाजवणारा, अनेक वाद्यं येणारा माणूस, आणि त्याच्याच सुधारणांमुळे १५२० च्या दशकात तिथल्या चर्चमधलं संगीत बंद झालं. त्याच काळात, १५२४ मध्ये, तिकडे जर्मनीत लूथर या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या लोकांची गीतांची पुस्तकं छापून येत होती, सगळ्या मंडळीने आपल्या भाषेत गायचं म्हणून. मला लूथर आवडतो, पण झ्विंग्लीची भीती कळते. मोठा हॉल, दिवे कमी, कीबोर्डवर मागे एक सूर धरून ठेवलेला, पास्टर हळू आवाजात बोलतायत, आणि माझ्या अंगावर काटा. आता हा काटा पवित्र आत्म्याचा की साउंड सिस्टिमचा? मला दर वेळी सांगता येत नाही. सोमवारी सकाळी घरकामाच्या बाईशी मी कसा बोलतो त्यावरून थोडा अंदाज येतो. आमोस संदेष्ट्याने तर देवाच्या तोंडचं लिहूनच ठेवलंय, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. वाटणीच्या खोलीवरून भांडणाऱ्या त्या दोन भावांना हे कोणी दाखवलं पाहिजे. मला पण.

अर्थ कळून गाणं हा पण एक मुद्दा आहे. करिंथकरांना पौल लिहितो की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन. मुंबईच्या गावठाणांमध्ये, माझगावची म्हातारपाखाडी, गिरगावची खोताची वाडी, बांद्र्याची रानवार, तिथे रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळात लोकांनी उभारले. मे महिन्यात संध्याकाळी त्या क्रूसापाशी लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असते, शेजारपाजारचे जमतात, आळीपाळीने गातात, नंतर उकडलेले चणे. जुन्या पिढीतली मंडळी ती लॅटिनमध्ये म्हणायची, अर्थ कोणाला पूर्ण माहीत नाही पण चाल अचूक. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५, त्यानंतर मिस्सा (कॅथलिक उपासना) लोकांच्या भाषेत आली, वसईत मराठी गायन आलं. माझा एक वसईचा मित्र सांगतो, त्याची आजी पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकून म्हणाली, अगं बाई, हे असं म्हणत होतो होय आपण इतकी वर्षं! पण तीच आजी शेवटपर्यंत लादीन लॅटिनमध्येच गायची. शब्द न कळता पण तिच्यासाठी ती प्रार्थनाच होती, प्लेगमध्ये वाचलेल्या तिच्या आजीपासून आलेली. पौलाला ती काय उत्तर देईल मला बघायचंय.

राहता राहिला बेसूरपणा. मी बेसूर आहे. पंधरा वर्षांचा असताना एका क्वायरमध्ये (कुठल्या ते जाऊ द्या) नाताळच्या आधी मला सांगण्यात आलं, तू उभा राहा, उंची चांगली आहे, फक्त ओठ हलव. मी त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं चर्चमध्ये खरंच फक्त ओठ हलवले. आणि आता कळतं की त्या आठ वर्षांत माझ्या आत फारसं काही साठलं नाही, कारण ऐकलेलं गाणं आणि स्वतःच्या फुप्फुसातून काढलेलं गाणं यात हॉटेलचा मेन्यू वाचणं आणि जेवणं एवढा फरक आहे. शंभरावं स्तोत्र सगळ्या पृथ्वीला जयजयकार करायला सांगतं, सुरात असा उल्लेख मला तरी दिसला नाही. क्वायरला सूर लागलाच पाहिजे, त्यांचं काम आहे ते, पण मंडळीचं गाणं म्हणजे कार्यक्रम नाही, तिथे श्रोते कोणी बसलेलेच नसतात. ज्यांना कोणी असं ओठ हलवायला सांगितलं असेल त्यांनी बाथरूमपासून सुरुवात करावी, नळ सोडून, नंतर नळ बंद करून.

रोजच्या दिवसात कसं आणायचं विचाराल तर मी वेगळा वेळ काढत नाही, मुंबईत वेळ काढणारा माणूस मला भेटायचाय. कामाला गाणं जोडून टाकायचं. भांडी घासताना एक, इस्त्री करताना एक. महिनाभर एकच गीत धरायचं, सगळी कडवी, कारण आपण पहिलं कडवं आणि ध्रुपद यावरच आयुष्य काढतो आणि खरा माल बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्यात असतो, तिथे कवी दमून खरं बोलायला लागलेला असतो. मोबाईलवर लावून ऐकणं चांगलंच आहे, पण ते चालू असताना आपलं तोंड बंद राहतं हा घोळ आहे. लोकलमध्ये मनातल्या मनात पण चालतं, फक्त श्वास ओळीबरोबर सोडायचा, कुर्ला ते सायन गाडी थांबली की बरोबर दोन कडवी होतात. पोरांना झोपवताना गावं, त्यांना सूर कळत नाही, आणि चाळीस वर्षांनी एखाद्या रात्री बाकड्यावर बसल्यावर तेच हाताशी येईल.

आमच्याकडे आता अंडी मी उकडतो. मुलगी मोबाईलवर टायमर लावते आणि मी गातो, आमची रोजची पैज, कोण बरोबर. परवा माझी पाच कडवी संपली आणि तिच्या टायमरमध्ये अजून दीड मिनिट बाकी होतं. म्हणाली, पप्पा तू फास्ट गातोस. आतून आई ओरडली, फास्ट नाही, चौथं गाळलं त्याने.